कोपरावरची वाटणी

आमच्या खानदानात एकही वाटणी शांतपणे झाल्याचं मला आठवत नाही. दोन शेतांमधल्या वीतभर धुऱ्यासाठी बाबा आणि काका चिखलीच्या कोर्टात इतकी वर्षं गेले की बाहेरचा चहावाला आमच्या घरच्या लग्नांना येऊ लागला. म्हणून माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे पांढरट खपले धरले आणि बुलढाण्याच्या चामडीच्या डॉक्टरांनी "हे बहुधा वंशातून आलं असेल" असं सांगितलं, तेव्हा या इस्टेटीवर हक्क सांगायला एकही वारस पुढे येईना, याचं मला नवल वाटलं.

"आमच्या घराण्यात असं काई नव्हतं," आत्या म्हणाली. "मायकडून आलं असन."

"माह्या माहेरचे लोक आरशासारखे हायेत," आई म्हणाली. "शिकून शिकून रक्त आटलं पोराचं."

अशा रीतीने दोष पदवीवर आला. घरात पदवीधर मी एकटाच, त्यामुळे चौकशी तिथेच संपली.

ज्या आईबाबांनी स्वतः शाळेची पायरी न चढता मला बी.एस्सी. केलं, त्यांना जनुकं समजावून सांगणं मला ऋण फेडण्यासारखं वाटलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, सवय होतीच. एका जनुकाचं हे काम नाही, बरीच मिळून करतात, त्यातलं एक महत्त्वाचं सहाव्या गुणसूत्रावर असतं, असं मी सांगितलं. जनुकं फक्त कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची थप्पी रचून ठेवतात. ठिणगी बाहेरून पडते. माझी ठिणगी म्हणजे शाळेच्या परीक्षांआधी जंतुसंसर्गाने धरलेला घसा. ठिणगी पडलीच नाही तर थप्पी जन्मभर तशीच राहते.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ते समजलं," ते म्हणाले. "पण थप्पी कोणाची हाये?"

मग माझी सोयरीक आली. मुलगी खामगावची, शिक्षिका. आम्ही पाहून आलो, मला ती आवडली, आणि मे महिन्यात तिच्याकडचे आमचं घर पाहायला येणार असं ठरलं. आत्याने मला फुल बाह्यांचा शर्ट दिला आणि मनगटाची बटणं स्वतः लावली.

"सांगून टाकू ना," मी म्हणालो.

"इचारलं तं सांगू. कोपर कोणी इचारते काय?"

जेवायला रोडगे होते. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेले हे कणकेचे गोळे हाताने चुरायचे, वर वरण आणि तूप ओतायचं आणि कालवायचं. त्यासाठी सगळी पंगत आधी बाह्या कोपराच्या वर सरकवते. मी तेवढा मंत्र्यासारखा बसलो होतो. माझ्या शेजारी मुलीचे मामा होते.

"मास्तर, बाह्या वर करा ना. तुमच्यापक्षा तुमचा शर्टच जास्त वरण पिऊन राह्यला."

"त्याच्या शायेत नियम हाये तसा," आत्या घाईने म्हणाली.

"शायेत रोडगे देतात काय?"

सगळे हसले. जिच्या आयुष्याचा प्रश्न होता ती तिकडे खामगावला होती, आणि तिचा निकाल एका बटणावर लावणं मला पटेना. मी बाह्या वर केल्या. आत्याच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली.

"हा सोरायसिस आहे," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "काळजी करू नका, हा कोणाला लागत नाही. आनुवंशिक असतो."

हे मी दिलासा म्हणून बोललो होतो.

मुलीचे वडील म्हणाले, "लागण असती तं औषधानं गेली असती. हे तं नातवाईपर्यंत."

"येईलच असं नाही. बहुतेक मुलांना येत नाही. फक्त शक्यता..."

शक्यता या शब्दावर पंगत उठली. जाताना त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, कारण त्यांच्याकडे तीन पिढ्यांची शुगर होती आणि ती ते सातबाऱ्यासारखी सांगत होते. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला विचारावं लागत नाही.

आत्या आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी मुलीचे मामा मोटरसायकलवर एकटेच आले. मला गोठ्यामागे नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पॅन्ट गुडघ्यावर ओढली. तेच पांढरे खपले.

"माह्या लग्नाच्या आधीपासून हाये. घरात कोणालेच माहीत नाही. मलम कोणता लावता?"

मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला. ते इतके हलके झाले की तिथेच म्हणाले, "सोयरीक पक्की समजा. भाऊजीले मी पाह्यतो. बरोबरीचं घर हाये."

गोठ्याच्या भिंतीला कान लावून बसलेल्या आत्याचा आनंद तर मावेना. "त्याईच्याकडेही हाये. आता कोणीच कोणाले बोलू शकत नाही."

घरात तोंड उतरलेला मी एकटाच. जे दोन्ही घरांना जुळणारं वाटत होतं, ते विज्ञानाच्या हिशेबाने दोन थप्प्या शेजारी रचणं होतं. मी मुलीला फोन केला, मामांचं नाव न घेता सगळं सांगितलं. दोन्हीकडून असलं तर शक्यता थोडी वाढते, नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही, असंही सांगितलं.

"मामाचे गुडघे म्हणता ना?" ती म्हणाली. "ते आमच्या घरात सगळ्याईले माहीत हायेत. फक्त मामाले माहीत नाही, की आमाले माहीत हाये."

"मग त्या दिवशी तुमच्याकडचे कळवतो का म्हणाले?"

"तुमी मोठ्यानं सांगतलं ना. आमच्याकडे असं कोणी सांगत नाही."

मी शक्यतेचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला.

"शक्यताच हाये ना सर? शुगरचीही मले हायेच. माह्याकडून हो हाये. पण साखरपुड्याले हाफ शर्ट घालून या."

मी तसाच गेलो. पंगतीत जो तो माझ्या कोपरांकडे पाहून आत्याकडे वळत होता, आणि आत्या प्रत्येकाला तेच सांगत होती, "गरम होते त्याले."