हात निघाला की दिवा बंद

पोस्टाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं पाकिटांवर ठप्पे मारणाऱ्या बाईंना सगळे ठप्पेताई म्हणत. डाव्या हाताने पाकीट सरकवायचं, उजव्याने ठप्पा हाणायचा; मिनिटाला साठ तरी. खोलीला खिडकी नव्हती. एकच दिवा, आणि त्या आठवड्यात तोही लहरी झालेला.

सोमवारी ठप्पा खाली येता येताच दिवा गेला. परत आला तेव्हा ठप्पा तिकिटावर नेमका बसलेला. थोड्या वेळाने एक महत्त्वाचं पाकीट आलं. ताईंनी जपून, हळूच ठप्पा टेकवायला घेतला, तोच दिवा पुन्हा गेला आणि ठप्पा पडला पत्त्यावर. पत्ता वाचता येत होता, एवढंच नशीब.

"घाईत बरोबर, जपून केलं तर चूक? हे उलटंच की हो!" पलीकडे पत्रं लावणाऱ्या भाऊंना त्या म्हणाल्या.

"योगायोग."

"बघूया तर खरं."

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी रद्दी कागदांवर ठप्प्याहून जरासेच मोठे गोल काढले आणि भाऊंना दिव्यापाशी उभं केलं. "दर ठप्प्याला माझा हात निघाला की दिवा घालवायचा, ठप्पा पडला की परत लावायचा. डुलकी काढलीत तर बघा!"

झपाट्याने वीस ठप्पे मारले. दिवा जाऊनही अठरा गोलात. उजेडात मारले तेव्हा एकोणीस. मग सावकाश वीस-वीस: उजेडात एकही चुकला नाही, दिवा घालवल्यावर जेमतेम नऊ बसले.

भाऊंनी कागद उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे झपाट्यात तुम्ही बघतच नाही?"

"बघते हो, पण आधी. डोळ्याने 'अगं, जरा डावीकडे' म्हणेपर्यंत हाताने काम उरकलेलं असतं. हळू जाणाऱ्या हाताला मात्र डोळा वाटेत सांभाळून घेतो." ताई थबकल्या. "तरीच! ठप्पा पडताना माझी नजर पुढच्या पाकिटावर असते. इतक्या वर्षांत लक्षातच आलं नाही."

"आणि आधीपासूनच अंधार असेल तर?" आता भाऊंनाही चेव आला.

दिवा घालवून, दहा आकडे मोजून मारलेले ठप्पे कागदभर पांगले. एक ताईंच्या नखावर उमटला.

दुसऱ्या दिवशी दिवा बदलला, पण ताईंच्या डोक्यातला किडा जाईना. रविवारी त्यांनी नवऱ्याला भिंतीशी खिळा धरून बसवलं आणि मुलीला दिव्याच्या बटणापाशी पिटाळलं.

"अगं, पण हातोडी कोण मारणार?" नवऱ्याने विचारलं.

"मी!"

"मग खिळाही तूच धर," म्हणत तो उठला.