आबांच्या वावरातल्या चार खुंट्या

स्वतःच्या खिशात किल्ली आहे की नाही हे ज्याला सांगता येत नाही, पण नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या वावराच्या पोटात किती कार्बन दडलाय हे जो छातीठोकपणे सांगतो, असा जगात एकच गृहस्थ असावा. आणि त्यांची नि माझी बायको सख्ख्या बहिणी असल्यामुळे मला त्यांची ओळख विसरायचीही सोय नाही. ते आमचे थोरले साडू. कॉलेजच्या माती प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात किंवा गुडघे. यांनी एका संस्थेसाठी गावोगावच्या शेतजमिनीतला कार्बन मोजून त्याचे नकाशे करायचं काम घेतलं. मुळं, पालापाचोळा, शेणखत कुजून मातीत जो काळेपणा मुरतो, तो हा कार्बन. तो जमिनीत राहिला तर माती पाणी धरते, पीक तग धरतं. उडून गेला तर वर आभाळात जाऊन उकाडा वाढवतो. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय, की उन्हाळ्यात घाम आला की मला उगाच अपराधी वाटतं.

मिसळीबरोबर आलेलं लिंबू त्यांनी मिसळीवर पिळल्याचं मला आठवत नाही. ते आधी खिशातून ढेकूळ काढतात, बशीत ठेवतात आणि त्यावर लिंबू पिळतात. बारीक बुडबुडे आले की खूश. "बघा, चुनखडी! हासुद्धा कार्बनच, पण दगडाचा. हा आपण धरायचा नाही. आपल्याला जिवंतातून आलेला पाहिजे." वाढपी घाबरून विचारतो, "काका, मिसळीत काही निघालं का?" एकदा नाशकातल्या द्वारका चौकात रस्ता खोदून ठेवला होता, तर हे चालत्या रिक्षातून जवळजवळ उडीच मारून खड्ड्यात उतरले. मागे वाहनांची रांग, पुढे शिट्टी फुंकणारा पोलीस, आणि खड्ड्यातून आवाज, "साहेब, दोन मिनिटं! डांबराखाली काय काळी आहे हो, इथं नक्की कुणाचा तरी मळा होता!" पोलीस मला म्हणाला, "तुमच्याबरोबर आहेत का हे?" मी रिक्षावाल्याकडे पाहिलं. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी नात्यापेक्षा अब्रू महत्त्वाची असते.

घरात ओव्हन आहे. केक त्यात एकदाच झाला, आणि तो खाताना दाताखाली मुरूम आला. मातीतला ओलावा घालवून तिचं खरं वजन काढायचं असतं, त्यामुळे ओव्हन कायम कामात. माझी मेहुणी, तिला सगळे ताई म्हणतात, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माहेरच्यांनी हौसेनं ओव्हन दिला, आणि हे त्यात सबंध निफाड तालुका भाजतात!" बरं, माणूस स्वभावाने गरीब, पण खोटं किंवा अंदाजाने बोलणं त्यांना जमतच नाही. माझ्या बायकोने एकदा कौतुकाच्या आशेने विचारलं, "भाऊजी, पोहे कसे झालेत?" तर म्हणाले, "एका घासावरून कसं सांगू? ताटलीत चार ठिकाणचे घ्यावे लागतील." घेतले. चावले. "मधे मीठ आहे. कडेला नाही." आमच्याकडे त्यानंतर त्यांना पोहे मिळालेले नाहीत.

हा चार ठिकाणांचा नियम शेतातही. कुठे खणायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, माणूस नाही. "माणूस चांगलीच जागा निवडतो हो, त्याचा इलाज नाही," असं ते म्हणतात. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन ठरलेल्या जागी लाल चिंधीच्या खुंट्या ठोकायच्या, आणि सकाळी तिथेच लोखंडी नळी फूटभर आत घालून माती काढायची. अशी त्यांनी अनेक गावं मोजली, आणि मग चांदवडच्या बाजूला आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं गाव आलं. जावईच मोजणी करणार म्हणून आबांची मान आधीच ताठ झालेली. कांद्याचं वावर, ऐंशी ओलांडलेले आबा आणि योगायोगाने सासुरवाडीला आलेला मी.

पहाटे आबांनी मला हलवलं. "धाकले जावईबापू, उठा. कोनाला बोलू नका." उकिरड्यावरचं दोन वर्षं कुजलेलं, चहाच्या भुकटीसारखं शेणखत आम्ही पाट्यांनी वाहिलं. प्रत्येक खुंटीभोवती आबांनी कुदळीने माती मोकळी केली, खत खोलवर कालवलं, वर पाणी शिंपडून हात फिरवला. मी जन्मभर टेबलाशी बसून काम केलेला माणूस. पाचव्या पाटीला माझ्या कमरेने राजीनामा दिला. "आबा, पण कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "आरं, रान लय टणक हे. जावई खनायला बसंल अन् घामाघूम व्हईल. बरं दिसतं का ते?"

सकाळी नळी लोण्यात गेल्यासारखी गेली. दुसऱ्या कुणाच्या वावरात साडूंनी ही भानगड एका नजरेत ओळखली असती. पण सासऱ्याची माती चांगली निघाली की जावयाचंही थोडं भान सुटतं. "आबा, काय राखलीत हो जमीन!" म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कमरेकडे.

नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. कार्बन कमी तिथे पिवळा रंग, भरपूर तिथे गडद तपकिरी. सगळं गाव पिवळं आणि मधे आबांचं वावर चॉकलेटसारखं! आबा रोज धुतलेली टोपी घालून बघायला जात. इकडे नाशकात साडूंचं मात्र जेवण सुटलं. मी भेटायला गेलो तर ताटात वरणभात तसाच. "बांधाच्या अलीकडे तपकिरी, पलीकडे पिवळं. माती बांध ओळखत नाही हो! तीनदा तपासलं, आकडा तोच. माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. सगळा नकाशा मागे घेतो आणि हे काम सोडतो." ताईचे डोळे भरून आले. ओव्हनवर इतकं तोंड टाकणारी ती, पण त्या दिवशी ओव्हन गार होता आणि तिला ते बघवत नव्हतं.

मी माझं ताट बाजूला सारलं. म्हणालो, "साडूभाऊ, चूक तुमची नाही. खत आहे ते. अर्ध्या पाट्या मीच वाहिल्यात." आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता वरणाची वाटी येते अंगावर. ते आधी हसले, पोट धरून हसले, आणि मग एकदम थांबले. "अहो, पण तीन वर्षांनी पुन्हा मोजणी आहे. तेव्हा खरी माती निघेल, आणि नकाशा म्हणेल, आबांनी जमीन मारली. जन्मभर शेणखत घातलेल्या माणसाच्या नावापुढे घट?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही आबांसमोर. साडू म्हणाले, "आबा, तो नमुना होता, पाहुणचार नव्हे." आबा शांतपणे म्हणाले, "तुमच्या लेखी नमुना. आमच्या लेखी तुमी जावई." पण साडूंनी तीन वर्षांनंतरच्या घटीची गोष्ट सांगितल्यावर आबा उठले. "चला, आत्ता खना."

या वेळी खुंट्या नव्या जागी, आणि साडूंच्या आधी तिथे कुणी फिरकलं नाही. रान खरंच टणक होतं. साडू घणाने नळी ठोकत होते, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि जावयाचा घाम बघवत नाही म्हणून आबा बांधावर पाठमोरे बसले होते. मधेच, मागे न बघता, त्यांनी आपलं उपरणं मागे धरलं. "पुसा तेवढं."

माती तपासून झाल्यावर पिवळा रंग आला. "गावाला मी सांगतो, माझी चूक झाली," साडू म्हणाले. आबांनी ऐकलं नाही. ग्रामपंचायतीत नव्या नकाशासमोर स्वतःच उभे राहिले. "खत म्या टाकलं व्हतं. जावयाची चूक नाय." मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, मग आमच्या खुंट्यांनाबी टाकायचं व्हतं की!" सगळं गाव हसलं, आणि सर्वांत जास्त आबा.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आता पुन्हा कधी मोजायचं म्हनले?" साडू म्हणाले, "तीन वर्षांनी." आबांनी बोटांवर तीन वर्षं मोजली. वावराकडे बघत राहिले. साडूंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुमचं वावर मी दर वर्षी मोजतो."

वर्षभरात मातीतला कार्बन दिसण्याइतका वाढत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी दर दिवाळीला ते नळी घेऊन जातात. आबा आता खत सबंध वावरात पसरतात. थोडं थोडं, टेकत टेकत. परवा माती ओव्हनमधून काढून, तपासून झाल्यावर साडूंनी फोन लावला, तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडून आबांचा आवाज आला, "वाढलं का?" खोटं बोलता न येणारा तो माणूस म्हणाला, "अजून दिसत नाही, आबा. पुढच्या वर्षी बघू."

"बरं झालं," आबा म्हणाले. "मंग पुढच्या वर्षी या."