इतवारीहून उमरेडची गाडी

लंडनहून निघालेले विमान कुठे कुठे उतरले ते आता नीट आठवत नाही. कैरोचा उकाडा आठवतो, आणि कराचीला मिळालेला गोडमिट्ट चहा. डोक्यात सारखे एकच चालले होते : मुंबईहून रात्रीच्या टपालाच्या विमानाने नागपूर, तिथून इतवारी स्टेशन, आणि अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने उमरेड. आई उमरेडला आजारी होती. लवकर ये, अशी तार आली होती. ती बोलतीचालती असताना तिच्यापर्यंत पोचायचे होते. दुसरे काही नाही.

आमच्या विणकरांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेलो तोही मीच पहिला. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही.

उजाडल्यावर सोनेगावच्या विमानतळावरून रिक्षा करून गांधीबागेमागे मामाच्या घरी आलो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आई आदल्या सकाळीच गेली होती. तिचे सगळे आटोपून मामा केवळ माझ्यासाठी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतला होता. यातले मला काहीही माहीत नव्हते. आमच्यात वाटेवरच्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत; उपाशी माणसाला तर नाहीच. एकदा ऐकले की घास उतरत नाही, म्हणून आधी पोटात काही जाऊ द्यायचे. मला ही रीत तेव्हाही पटली नसती, आजही पटत नाही.

"मामाजी, माय कशी हाये?" मी दारातूनच विचारले आणि पाया पडायला वाकलो. तो मागे सरला.

"राहू दे. पाय धू आधी. जेवून घे."

"सकाळची गाडी सापडते ना?"

"सकाळच्या गाडीनं नको जाऊ गा. दुपारच्यानं जाऊ, मी येतो संगं."

"काहून?"

"लय गर्दी राह्यते."

"मी अर्धी दुनिया ओलांडून आलो अन् तुम्ही मले उमरेडच्या गाडीची गर्दी सांगून राहिले?"

आतून मामी म्हणाली, "विलायतेले जाऊन आला, पण तोंड तेच हाये याचं."

मी हसलो. ती बाहेर आली नाही.

मागच्या खोलीतला माग बंद होता. कामाच्या दिवशी त्या घरात खटखट नाही असे कधी झाले नव्हते. विचारले तर मामा म्हणाला, "सूत नाही मिळून राहिलं." सुताची ओढाताण तेव्हा खरीच होती, म्हणून मी मानले. मामीने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. मी अर्धी भाकर घाईघाईने गिळली आणि हात धुऊन बॅग उचलली. मामाने एकदा मामीकडे पाहिले, टोपी घातली आणि मुकाट्याने माझ्यामागून निघाला.

त्याला गर्दीची नव्हे, गर्दीतल्या माणसांची भीती होती. सकाळच्या त्या गाडीने आमचे निम्मे नातेवाईक आईसाठी उमरेडला निघाले होते. आम्ही डब्यात चढलो तशी आतली बोलणी थांबली. एकाने आपले गाठोडे मांडीवर घेऊन मला खिडकीपाशी जागा दिली. मला वाटले, विलायतेहून आलेल्या पोराचा मान ठेवताहेत.

"मामाजी, उमरेडले टांगा लगेच भेटते ना? नाही तर बॅग तुम्ही घ्या, मी पळतच पुढं होतो."

मामाने मान खाली घातली. समोर नात्यातली एक म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिले आणि मग मामाला विचारले, "जेवला का हा?"

"अर्धी भाकर खाल्ली."

"मंग सांगत काहून नाही त्याले?" मामाची मान खालीच होती. म्हातारीने पुढे वाकून माझा गुडघा धरला. "तुयी माय गेली बाप्पा. काल सकाळी. तुया धाकट्या भावानं अग्नी देला."

गाडी अजून सुटलीही नव्हती.

मी काय बोललो ते आठवत नाही. आठवतो तो डबा. इतका वेळ तोंड मिटून बसलेली माणसे एकदम बोलू लागली. पाणी कोणी पाजले, शेवटी तिने काय मागितले, कोणते लुगडे नेसवले, हे जो तो मला सांगत होता. मामा तेवढा गप्प होता. मग त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि पोरासारखा रडू लागला. त्याची बहीण जाऊन एक दिवस झाला होता, आणि माझ्या पोटात भाकर जाईपर्यंत त्याला रडता आले नव्हते.