कुणी पुढचं सांगायचं नाही

माझ्या वहिनीचा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. हे मी नणंद म्हणून खवचटपणे सांगत नाहीये, सगळी गल्लीच तिला भोंगा म्हणते. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने आमच्या आईला विचारलं, "चहा ठेवू का?" आणि शेजारच्या काकू ओरडल्या, "मलाही अर्धा कप!" आईने कपाळावर हात मारून घेतला.

तिचा काही दोष नव्हता हो. तिचे वडील जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात कामाला, चाळिशीतच कान गेलेले. त्या घरात हळू बोललेलं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. आमच्याकडे मात्र जो उठेल तो तिला म्हणायचा, हळू बोल. आई म्हणायची, दादा म्हणायचा, मीही म्हणायचे. ती हसायची आणि तेवढ्याच आवाजात विचारायची, "का? कुणी झोपलंय का?"

आणि अशा बाईला नोकरी कुठे लागावी? वाचनालयात! तीही हंगामी, दरवर्षी कमिटीने पुन्हा नेमायची. दादा पोट धरधरून हसला. वाचनालयाच्या जिन्यापाशी ही भलीमोठी पाटी, 'शांतता राखा'. अध्यक्षसाहेबांनी स्वतः लावलेली. अध्यक्ष म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस, शर्टालाही आणि चेहऱ्यालाही. त्यांच्या मागे कुणी शिंकलं तरी ते वळून बघायचे.

पहिले काही महिने वहिनी तोंडाला कुलूप लावून बसली. घरी आली की एवढं बोलायची की आम्हाला वाटायचं, दिवसभराचं तुंबलेलं आत्ता सुटलं. पण तिथे बसून बसून तिच्या एक गोष्ट लक्षात आली. एकदा आलेली काही माणसं पुन्हा फिरकतच नाहीत. एक आई आपल्या पंचविशीतल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी जन्मापासून बोलत नाही, पण चित्रांचं पुस्तक पाहिलं की आनंदाने मोठमोठे हुंकार देते. चार डोकी वळली आणि आई मुलीला घेऊन निघून गेली. कानाने अधू असलेले एक रिटायर्ड कंडक्टरकाका "पेपर कुठाय?" असं विचारायला गेले आणि जणू भरल्या बसमध्ये ओरडले. त्यांनाही बाहेरचा रस्ता. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी. पन्नाशीनंतर अक्षरं शिकल्या, पण मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. बोट ठेवायचं, अक्षर उच्चारायचं, ते कानात शिरलं की मग अर्थ. त्यांना तर खुद्द अध्यक्षांनीच सांगितलं, "बाई, हे तुमचं काम नाही." आणि त्यांचेच शर्ट मावशी इस्त्री करायच्या! मी मावशींच्या जागी असते तर त्या शर्टावर गरम इस्त्री ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला गेले असते.

वहिनी थेट दुकानावर गेली. सवयीप्रमाणे मलाही ओढत नेलं. "चला वन्सं," म्हणाली. वन्सं ती मला चिडवायचं असलं की म्हणते.

"मावशी, का येत नाही?" वहिनीने विचारलं.

"येऊन काय करू? ओरडा खायला?"

"मग घरी वाचता का?"

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "घरी तर मुळीच नाही. मी एका शब्दाशी झटत असते, तेवढ्यात सून पुढचा शब्द सांगून मोकळी. नातू सांगतो, नवरा तर स्वयंपाकघरातून सांगतो. सगळे प्रेमाने सांगतात हो, पण माझा शब्द मला कुणी काढूच देत नाही! जन्मात एक पुस्तक माझं मी संपवायचंय. दुसरं काही मागत नाही मी."

वहिनीला भरून आलं.

मग वहिनीने कमिटीच्या मागे लागून या सगळ्यांसाठी जुन्या पेपरांची मागची खोली मागून घेतली. बुधवारची दुपार, तेव्हा वर वाचनकक्षात तसंही फारसं कुणी नसतं. पण पहिल्या बुधवारी तिने घातला घोळ. एका शिक्षिकेला बोलावलं आणि सगळ्यांना छान वाचून दाखवायला लावलं. बाईंचं वाचन फार सुंदर, पण मावशी जांभया देत होत्या आणि कंडक्टरकाकांना काही ऐकूच येत नव्हतं. शेवटी मावशी उठल्या. "ताई, ऐकायला रेडिओ आहे माझ्याकडे. मला वाचायचंय."

वहिनीने स्वतःचा कान पकडला. घरी आल्यावर म्हणाली, "मी पण त्यांच्यातलीच निघाले की गं. त्यांना काय हवंय ते आपल्या मनानेच ठरवून मोकळी!" पुढच्या बुधवारी तिने सगळ्यांना समोर बसवून विचारलं. त्यांचं त्यांनीच ठरवलं. ज्याने त्याने आपापलं वाचायचं, हव्या त्या आवाजात. मुलीने चित्रं बघावीत आणि खुशाल हुंकार द्यावेत. नियम एकच, तो मावशींचा: कोण कितीही अडलं तरी कुणी पुढचं सांगायचं नाही.

ती खोली काय दणाणायची म्हणून सांगू! काका बातम्या अशा वाचायचे, जणू पुढचा स्टॉप आलाय. आणि मावशींनी एका बोटीवरच्या स्वयंपाक्याची जाडजूड कादंबरी हातात घेतली. मी म्हटलं, "मावशी, एखादं पातळ घ्या." त्या म्हणाल्या, "पातळ कापड लगेच होतं, त्यात मजा नाही." एकेक पान करत त्या अर्ध्याच्या पुढे गेल्या. उभ्या आयुष्यात बोट पाहिली नसेल त्यांनी, पण इस्त्री करताना गिऱ्हाइकांना विचारायच्या, वादळ आलं की स्वयंपाकी चूल कशी सांभाळत असेल हो?

आणि मग तक्रार गेली. कुणी केली ते माहीत नाही, कळलं असतं तर त्याची खैर नव्हती. अध्यक्षांनी खोलीला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि वहिनीला बोलावून घेतलं. "हे वाचनालय आहे, बाई, बाजार नाही. पुन्हा हा गोंगाट झाला तर पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही."

घरी दादा म्हणाला, "जाऊ दे ना. नोकरी सांभाळ."

"तोंड मिटून ठेवायचा पगार मी घेत नाही," वहिनी म्हणाली. गल्लीभर ऐकू गेलं. त्या दिवशी तिला हळू बोल असं कुणीच म्हटलं नाही, आईसुद्धा नाही.

बुधवारी सगळे आले. खोलीला कुलूप. मावशींनी कादंबरी छातीशी धरली होती. "म्हणजे माझं राहिलंच का?" त्यांनी विचारलं, आणि तो आवाज ऐकून मला अध्यक्षांचा असा राग आला की बस्स.

वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. "बसा जिन्यावर," ती म्हणाली. "बोलू नये असं वाचनकक्षाच्या नियमात लिहिलंय. जिन्याबद्दल कुठे काय लिहिलंय?"

झालं! खालच्या पायरीवर काका, वर मुलगी आणि तिची आई, दोन्ही बाजूंना चित्रांची पुस्तकं पसरलेली, मध्ये मावशी. शांततेच्या पाटीच्या बरोब्बर खाली. वाचन सुरू झालं. वरचे वाचक खाली उतरेनात, खालचे वर जाईनात. काही जण कठड्याला टेकून ऐकतच राहिले. कुणीतरी अध्यक्षांना फोन केला असणार, कारण ते तरातरा आले, काकांना ओलांडून दोन पायऱ्या चढले आणि तिथेच अडकले. पुढे मावशी, मागे काका.

"काय चाललंय हे?" ते म्हणाले. पण मावशींचं लक्षच नव्हतं, कारण त्या अडल्या होत्या.

"कप्... कप्तानाने... दु... दुब..." बोट शब्दावर टेकलेलं. "दुर... दु..."

मुलगी हुंकार द्यायची थांबली. काका पेपर खाली ठेवून मावशींच्या ओठांकडे बघायला लागले. आम्ही सगळी दर बुधवारी असं झटणं बघणारी माणसं, आम्हाला थांबायची सवय. अध्यक्षांना कुठली? त्यांनी वाकून पुस्तकात पाहिलं आणि वैतागून म्हणाले, "अहो, दुर्बि—"

"श्शू!"

सगळा जिना एका दमात म्हणाला. मीही म्हटलं, आणि देवाशपथ सांगते, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. मावशींनी मान वर न करता फक्त हात वर केला. "थांबा साहेब. येतंय मला."

साहेब थांबले. बिचाऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. ती बाई घाम पुसत, ओठ हलवत, मागे जात, पुन्हा येत राहिली. मग एकदम वाक्याच्या सुरुवातीला गेली आणि खणखणीत वाचलं, "कप्तानाने दुर्बिणीतून पाहिलं आणि त्याला किनारा दिसला."

कठड्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. वहिनी दोन पायऱ्या खाली आली आणि तिने अध्यक्षांपुढे हात पसरला. "किल्ली, साहेब. जिन्यावर यांचे गुडघे दुखतात."

"नियम असा आहे की..." अध्यक्ष पुटपुटले.

"मोठ्याने बोला!" काका गरजले. "ऐकू येत नाहीये!"

"मी म्हटलं, कमिटीला विचारून..."

"अजून मोठ्याने!"

वरून एक वाचक म्हणाला, "अहो, उघडा की ती खोली. आम्हाला खाली उतरायचंय." मग दुसराही तेच म्हणाला. अध्यक्ष लालबुंद झाले. खिशातून किल्ली काढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "घ्या किल्ली! घ्या म्हणतो ना!"

जिना दणाणला. वहिनीने किल्ली मुठीत घट्ट धरली.

मावशींचं बोट एव्हाना पुढच्या ओळीवर पोचलं होतं. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि अध्यक्षांकडे न बघताच म्हणाल्या, "जरा हळू बोला हो. इथे कुणीतरी वाचतंय."