व्हॅलेन्सियाची ट्राम आणि भाच्याच्या ऑफिसचा रस्ता

नितीनने आईसाठी स्पेनचं तिकीट पाठवलं तेव्हा आमच्याकडे आनंद कमी आणि चर्चा जास्त झाली. नितीन माझा भाचा, माझ्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. पाच वर्षांपासून व्हॅलेन्सियाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत. गेली तीन वर्षं गावी आला नाही, आणि एकदम फोन, "आईला घेऊन या मामा, दोन आठवडे राहा." माझी बहीण, म्हणजे अक्का, भडगावला असते. मेव्हणे गेल्यापासून शेत तीच बघते. मी धुळ्यात, देवपूरला. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळे माणूस खिशात हात घालायच्या आधीच त्याच्याकडे तिकीट आहे की नाही हे मला कळतं, असा माझा समज.

बायको म्हणाली, "शेताच्या कागदावर सही हवी असेल. उगाच कोण बोलावतं?" मलाही तेच वाटत होतं. अक्काचा संशय वेगळा. ती म्हणाली, "तठे कोणी बाई शे. दाखाडाले बलाई ऱ्हायना." म्हणजे तिकडे कुणी बाई आहे, दाखवायला बोलावतोय.

असे दोन संशय आणि तीन बॅगा घेऊन आम्ही धुळ्याहून निघालो. मुंबई, मग आखाती देशात विमान बदल, मग व्हॅलेन्सिया. माझं तिकीट मी माझ्या पैशाने काढलं होतं, त्यामुळे तिकडे पोहोचल्यावर हात आखडता ठेवायचा हे ठरलेलं होतं. कमी खर्चात शहर फिरायचं असेल तर या लिहिण्याचा तुम्हाला उपयोग होईल.

विमानतळावर नितीन आला होता. वाळलेला वाटला. टॅक्सीच्या रांगेकडे न बघता तो सरळ जिन्याने खाली मेट्रोकडे निघाला. "मेट्रोच बरी, मामा. थेट घराजवळ उतरतो." मला पटलं, पण मनात नोंद झाली. चांगल्या पगाराचा मुलगा, आई इतक्या वर्षांनी भेटलेली, आणि टॅक्सी नाही?

विमानतळ शहराच्या भाड्याच्या हद्दीबाहेर धरतात, म्हणून तिथून येण्याजाण्याचं तिकीट वेगळं आणि महाग. एकदा शहरात आलात की दहा फेऱ्यांचं कार्ड घ्या. सुटं तिकीट दोन युरोच्या आसपास पडतं, कार्डावर त्याच्या निम्म्याहून कमी. तेच कार्ड बस, मेट्रो आणि ट्राम तिन्हींना चालतं, आणि ठरावीक वेळेत गाडी बदलली तर दुसरी फेरी कापत नाही. मेट्रोतून बाहेर पडतानाही कार्ड लावावं लागतं, ते जपून ठेवा. बसथांब्यावर नुसतं उभं राहिलात तर ड्रायव्हर निघून जातो, हात दाखवायचा. पहिल्यांदा बसने निघालो तेव्हा दोन बस आमच्या तोंडासमोरून गेल्या. अक्का म्हणाली, आपल्याला बघून थांबवत नाहीत. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या बाईने हात वर केला तेव्हा उलगडा झाला.

नितीनचं घर बेनिमाक्लेत नावाच्या भागात, चौथ्या मजल्यावर. फ्लॅटमध्ये भाडं वाटून घेणारी आणखी दोन मुलं. रोज सकाळी आठला तो डबा घेऊन निघे. अक्का त्याला भाकरी, ठेचा, कधी मेथीची भाजी करून देई. "तुम्ही दमला असाल, घरीच थांबा, शनिवारी मी फिरवतो," हे तो दोघांनाही रोज सांगायचा. दुपारी फोन करून विचारायचा, "कुठे आहात?"

हे मला खटकलं. त्यातून तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत उभा होतो. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, मेट्रोने जातो, असं त्याने सांगितलेलं. मेट्रोचा जिना उजवीकडे. तो डावीकडे वळला, ट्रामच्या थांब्याकडे. मी अक्काला बोललो नाही. बायकोला मात्र फोनवर सांगितलं.

त्याने थांबा म्हटलं तरी आम्ही थांबलो नाही. पहिले दोन दिवस पायीच फिरलो. या शहरातून पूर्वी नदी वाहायची. पुराला कंटाळून लोकांनी ती शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात मैलोनमैल बाग केली. तिकीट नाही, बसायला बाकं, प्यायला नळाचं पाणी. गिरणेकाठी जन्म गेलेल्या अक्काला हे झेपेना. पुलावरून खाली बघत ती विचारत होती, "नदी कोठे लई गयात?" मी सांगितलं, पण तिचा विश्वास बसला नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं. फेब्रुवारीचा शेवट, झाडं लगडलेली, फळं खाली पडलेली, आणि माणसं बाजूने चाललेली. सगळ्या झाडांकडे बघत अक्का म्हणाली, "बठ्ठा झाडं भरेल शेतस, अन् कोणी हात लावत नही. कायतरी खोट शे." मी एक सोलून फोड तोंडात टाकली. कडूजहर. अक्का तोंड फिरवून हसली.

खाण्याचं सांगतो. दुपारचं ठरावीक जेवण बारा-पंधरा युरोत पोटभर मिळतं, पण शाकाहारी माणसाने प्रत्येक पदार्थाचं विचारून घ्यावं. बटाट्याची जाड पोळी दिसते त्यात अंडं असतं. आम्ही बाजारातून पाव, टोमॅटो, फळं घ्यायचो. एका दुकानात रखवालदार आमच्या मागे मागे फिरत होता. अक्काची नऊवारी, माझी गळ्यातली पिशवी. मी त्याच्यावर नजर ठेवून होतो, तो माझ्यावर. शेवटी आम्ही पैसे देऊन निघालो तेव्हा त्याने दार उघडून धरलं.

सातव्या दिवशी समुद्र बघायचं ठरवलं. बेनिमाक्लेतहून ट्राम सरळ किनाऱ्याला जाते. ट्राम आली, चढलो, बसलो. आत कार्ड लावायचं यंत्र शोधलं, दिसलं नाही. वाटलं, उतरताना लावायचं असेल. दोन थांबे गेले आणि साध्या जॅकेटमधले दोघं, एक बाई आणि एक पुरुष, आमच्यासमोर येऊन उभे राहिले. बाईने हात पुढे केला. "कार्ड."

मी पिशवी छातीशी धरली. अशा जोड्यांबद्दल निघण्याआधी मी भरपूर ऐकलं होतं. एक बोलतो, दुसरा पाकीट मारतो. मी "नो, नो" म्हणत राहिलो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मग तिने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, माझं कार्ड तिच्या यंत्रावर टेकवलं आणि मान हलवली. कार्डात फेऱ्या शिल्लक होत्या, पण आजची कापलेलीच नव्हती. ट्रामचं कार्ड चढायच्या आधी फलाटावरच्या यंत्राला लावायचं असतं. हे ठळक लक्षात ठेवा. तीस वर्षं दुसऱ्यांना उतरवणारा मी, विनातिकीट सापडलो.

तिने आम्हाला पुढच्या थांब्यावर खाली उतरवलं, यंत्र दाखवलं, दोन्ही कार्डं लावायला लावली आणि दंड न करता पुढच्या ट्रामने निघून गेली. तिच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

तो थांबा विद्यापीठासमोरचा. रुंद रस्ता, पलीकडे झाडांखाली बाकं. मी अजून यंत्रावरच्या सूचना वाचत होतो, तेवढ्यात अक्काने माझा दंड धरला. पलीकडच्या बाकावर नितीन बसला होता. मांडीवर डबा उघडा, शेजारी लॅपटॉपची बॅग. सकाळचे अकरा वाजले होते. त्याचं ऑफिस तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मी हाक मारणार होतो. अक्का म्हणाली, "बस आठे. कोणतरी येनार शे."

आम्ही थांब्याच्या छपराखाली बसलो. ट्राम आल्या, गेल्या. प्रत्येक ट्राम मध्ये आली की अक्का मान वाकडी करून पलीकडे बघायची. कुणीही आलं नाही. त्याने भाकरी संपवली, डबा रुमालाने पुसला, बॅगेत ठेवला. लॅपटॉप उघडला. फोन वाजला तर उठून उभा राहिला, शर्ट नीट केला, जसा समोर माणूस असावा तसा मान हलवत बोलला. मग बसला आणि कितीतरी वेळ लॅपटॉपकडे न बघता खाली बघत राहिला.

अक्का उठली. इतके दिवस माझा हात धरल्याशिवाय तिने रस्ता ओलांडला नव्हता. आज सिग्नल हिरवा झाला तशी ती एकटी निघाली. मी मागे.

नितीनने वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"जेवना का?" अक्काने विचारलं.

"हो."

 मग मीच वेड्यासारखं विचारलं, "ऑफिसला सुट्टी का रे आज?"

"ऑफिस नाही आता, मामा." तो लॅपटॉप बंद करत म्हणाला. "तुमचा व्हिसा आला आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीने आमच्यातल्या बऱ्याच जणांना काढलं. तिकिटं निघालेली होती. इथे ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी नाही मिळाली तर परत जावं लागतं. नोकरीच्या मुलाखती फोनवर होतात, घरातून कुठे बोलणार, म्हणून इथे येऊन बसतो. विद्यापीठाच्या वाचनालयात वायफाय आहे."

"नोकरी गयी ते गयी," अक्का म्हणाली. "माले खोटं काबर सांगं?"

तो आईशीही आता पुस्तकी मराठी बोलतो. "तुला पहिल्यांदा इकडे आणत होतो, आई. म्हटलं, फिरून जाशील, मग फोनवर सांगू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग शेताचं काय?"

"कोणत्या शेताचं?" त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, काही नाही. तो प्रश्न मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

अक्का त्याच्याजवळ बसली. रडली नाही. त्याची बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, उद्यापासून घरीच बस, मी आवाज करणार नाही.

राहिलेला आठवडा तसाच गेला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फोन करायचा, अक्का पलीकडे भाजी निवडायची. त्याचं इंग्रजी बोलणं तिला कळत नव्हतं, पण फोन ठेवला की ती विचारायची, "काय बोलना?" आणि तो सगळं सांगायचा. दुपारी तिघं मिळून, त्याच कार्डांवर, समुद्रावर जायचो. ट्रामच्या फलाटावर पहिलं कार्ड अक्का लावायची.

परत येऊन आता दीड महिना झाला. पैशांच्या बाबतीत प्रवास जमला. शहर स्वस्तात फिरता येतं, फक्त ट्राममध्ये पाय ठेवण्याआधी यंत्र शोधा. मी मात्र दोन आठवड्यांत प्रत्येक नकाशा वाचला, प्रत्येक माणसावर संशय घेतला, आणि विमानतळावर वाळलेला दिसलेल्या पोराला "बरा आहेस का" एवढं विचारलं नाही. बायकोला फोनवर जे सांगितलं होतं ते तिच्याकडून नातेवाइकांत गेलं होतं. ते निस्तरायला मी स्वतः चार घरी जाऊन आलो.

गेल्या आठवड्यात भडगावला साखरपुड्याला गेलो होतो. मांडवात बायकांनी अक्काला घेरलं. "काय म्हणतो नितीन? केवढा पगार आता?" मी लांबून बघत होतो. मला वाटलं, ती विषय बदलेल.

"नोकरी गयी त्यानी," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आते दुसरी धुंडी ऱ्हायना."

 मग पंगत बसली, गर्दी हलली. हात धुताना शेजारच्या गल्लीतली एक बाई अक्काजवळ आली. तिचा मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे असं गावभर माहीत आहे. इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "मन्हा बी घरीच शे. दोन महिना झायात. कोणशीच बोलत नही."

अक्काने पदराला हात पुसले, पिशवीतून फोन काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "भाऊ, हिले नितीनना नंबर लिखी दे."