उन्हात दिसेल असं यंत्र

सुमनताई शिर्के दुकानातलं कुठलंही यंत्र हातात घेतलं की ते घेऊन थेट बाहेर फुटपाथवर जात. बडोद्यात अलकापुरीतल्या एका फोटो लॅबच्या काउंटरवर मी तेव्हा नोकरीला होते. गिऱ्हाईक वस्तू घेऊन दाराबाहेर निघालं की आमचे शेठ परेशभाई खुर्चीतून अर्धवट उठत. सुमनताईंच्या बाबतीत दोन दिवसांतच त्यांनी उठणं सोडलं. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, अठ्ठावन्न-साठ वय. भर दुपारच्या उन्हात त्या उभ्या राहत, यंत्र डावीकडे-उजवीकडे कलतं करून पाहत आणि आत येऊन ते काउंटरवर ठेवत.

"काही दिसत नाही. माझाच चेहरा दिसतो."

"बेन, तडकामां तो कोईनी स्क्रीन ना देखाय," परेशभाई म्हणाले. उन्हात कुणाचीच स्क्रीन दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

"पण मारे तो तडकामां ज बताववानुं छे," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. मला तर उन्हातच दाखवायचं आहे.

डिजिटल कॅमेरे नुकते घरोघरी येऊ लागले होते. मोबाइलमध्ये कॅमेरा असला तरी त्यातून निघालेला माणूस ओळखू येत नसे. सुमनताईंना पुष्कळ फोटो मावतील, हातात धरून दाखवता येतील आणि कॉम्प्युटर लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. मी मराठीत विचारलं, "नातवंडांचे फोटो आहेत का ताई?"

"नाही. भावाचे. तो हरवलाय," त्या म्हणाल्या. चपलेचा नंबर सांगावा इतक्या साध्या आवाजात.

सुमनताई मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घराण्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या फौजेत. आता फतेगंजमधल्या घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ विनायकराव, ज्यांना त्या अण्णा म्हणत, एवढेच राहत. अण्णांना ऐन तरुणपणी मनाचा आजार जडला होता. सुमनताईंनी लग्न केलं नाही. त्याविषयी त्यांनी मला एकदाच एक वाक्य सांगितलं. "स्थळं यायची, चहा प्यायची, अण्णा बाहेर येऊन बसला की उठायची."

आजार वाढला तसा अण्णांना स्वतःचे फोटो सहन होईनासे झाले. एके दिवशी सुमनताई शाळेत असताना त्यांनी घरातले सगळे अल्बम काढले आणि कात्रीने प्रत्येक फोटोतून स्वतःला कापून जाळून टाकलं. मुंजीच्या फोटोत आईवडिलांच्या मधे बटूच्या आकाराचं भोक होतं. ते अल्बम मी नंतर पाहिले. घरातून निघून जाण्याच्या काही महिने आधी एका लग्नात आतेभावाच्या मुलाने, मिलिंदने, नव्या कॅमेऱ्यातून अण्णांच्या नकळत अकरा फोटो काढले होते. अण्णा ह्या जगात होते ह्याचा तेवढाच पुरावा उरला होता. सकाळी दूध आणायला म्हणून ते गेले आणि स्टेशनवर कुठल्याशा गाडीत चढताना कुणीतरी त्यांना पाहिलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. मोठा माणूस आहे, येईल परत, असं सांगितलं.

यंत्र निवडायला आम्हाला दीड महिना लागला. लॅपटॉप जड, आणि फलाटावर कुठे उघडणार? सीडीला दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर हवा. शेवटी दोन उरली. एक लहान, कॅमेऱ्याच्या कार्डावर चालणारं. त्यात काहीशे फोटो बसत, पण आत काही फिरणारं नव्हतं, त्यामुळे पडलं झडलं तरी चाललं असतं. दुसरं जाड पुस्तकाएवढं. त्याच्या पोटात कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क होती, वर बरी स्क्रीन होती, फोटो मोठा करून बघता येई आणि हजारो फोटो मावत. बाहेर नेऊन पाहिलं तर दोन्ही सारखीच. तळव्याची सावली धरली की कसंबसं दिसायचं.

"माझे अकराच तर आहेत," त्या लहान यंत्राकडे बघत म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही आश्रमांत जाल, दवाखान्यांत जाल. तिथे ज्यांची ओळख लागलेली नाही अशी माणसं असतील. एक साधा कॅमेरा बरोबर ठेवा, त्यांचेही फोटो काढून यात भरून आणा. घरी मोठे करून नीट बघता येतील. मग लहान यंत्रात जागा पुरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. वर्गात अनपेक्षित उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघावं तसं.

"आणि हे पडलं तर?"

"पडू देऊ नका," मी म्हटलं आणि हसले. सव्विसाव्या वर्षी माणूस असं हसून बोलतं.

त्यांनी मोठं यंत्र घेतलं.

अकरा फोटोंनी त्यांचं समाधान नव्हतं. "एका फोटोत माणूस मावत नाही, वैशाली," असं त्या म्हणत. लग्नातले अण्णा गुळगुळीत दाढी केलेले, कोट घातलेले होते. रस्त्यावर राहणारा माणूस तसा कसा दिसेल? म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या माझ्याशेजारी स्टुलावर बसत आणि मी कॉम्प्युटरवर अण्णांना दाढी लावी, केस वाढवी, डोकं भादरलेलं करी.

"गाल अजून आत घे," त्या सांगत. "जेवत नसेल तो."

मी गाल आत घेई.

"आणखी थोडे."

दर वर्षी दिवाळीनंतर त्या येत आणि मी अण्णांना एका वर्षाने म्हातारं करी. डोळ्यांखाली एक रेघ, भुवयांत थोडा पांढरा रंग. काम झालं की त्या म्हणत, "चालेल. असाच असेल आता." चहा पिऊन जात.

त्या कुठे कुठे गेल्या ह्याची मोजदाद मी ठेवली नाही. रेल्वेचा नकाशा त्यांना पाठ होता. बडोद्याहून सुटणाऱ्या एकेका गाडीचा मार्ग धरून त्या प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरत. हमाल, चहावाले, भिकारी, पुजारी, कुणालाही थांबवून, साडीचा पदर यंत्रावर छत्रीसारखा धरून फोटो दाखवत. पोलीस चौक्यांत कागदावरचा फोटो मागत, तेव्हा त्या अकरांतले छापील फोटो तिथे देऊन येत. "मला कशाला, माझ्याजवळ यंत्रात सगळे आहेत," असं म्हणत. परतल्या की यंत्रात पन्नास-साठ अनोळखी चेहरे भरलेले असत. कुणाला नाव नाही, गाव नाही. प्रत्येकाची जागा आणि तारीख त्या वहीत लिहून ठेवत.

त्या चेहऱ्यांची बातमी हळूहळू पसरली. कुणाचा बाप, कुणाचा मुलगा हरवला की लोक फतेगंजला सुमनताईंकडे येत आणि तासन्‌तास ते फोटो चाळत. डभोईच्या दोन भावांना त्यात वडील सापडले. उज्जैनजवळच्या एका आश्रमात होते. त्यांना घरी आणल्यावर ते दोघे पेढे घेऊन सुमनताईंकडे आले, तेव्हा मी तिथे होते. सुमनताईंनी पेढा घेतला, वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली आणि विचारलं, "समोर पाहिल्याबरोबर ओळखलंत?"

थोरला भाऊ खाली बघत म्हणाला, "ना बेन. वार लागी." वेळ लागला. वडिलांनी धाकट्याच्या नावाने हाक मारली तेव्हा कुठे खात्री पटली.

ते गेल्यावर सुमनताई बराच वेळ पेढा हातात धरून बसल्या होत्या. "पोटची मुलं," त्या म्हणाल्या. "त्यांनाही वेळ लागला." पेढा त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला.

पाचव्या वर्षी भुसावळला गर्दीत गाडीतून उतरताना त्यांच्या खांद्यावरची पिशवी निसटून पायरीवर आपटली आणि तिथून फलाटावर पडली. यंत्र चालू होई, पण स्क्रीन काळी राही आणि आतून टक टक असा आवाज येई. परेशभाईंनी ते मुंबईला पाठवलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं. आतलं काही निघू शकत नाही, असा निरोप होता.

मी वेड्यासारखी शोधाशोध केली. आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर जागा कमी पडली म्हणून जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो काढून टाकले होते, आणि ते काढणारी मीच होते. सुमनताईंकडे सगळं आहे, अशी माझी समजूत होती. मी त्यांना सुरुवातीला एक सीडी करून दिली होती. ती उघडेना. मिलिंद कॅनडाला गेला होता, त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता. मग आम्ही दोघी चौक्यांत दिलेले छापील फोटो शोधायला निघालो. दोन ठिकाणी फाइलच मिळाली नाही. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. पण तिच्यातला फोटो चौकीच्या खिडकीच्या काचेला चिकटवला होता आणि उन्हाने इतका विटला होता की कोटाची बाही तेवढी दिसत होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "ताई, लहान यंत्र घेतलं असतं तर हे झालं नसतं. मी तुम्हाला मोठं घ्यायला लावलं."

"लहान घेतलं असतं तर डभोईचे आजोबा घरी आले नसते," त्या म्हणाल्या. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्याची वाट पाहत होते. तो राग कधी आला नाही.

त्यानंतर वर्षभर त्या नुसत्याच फिरल्या. फोटो नसल्यामुळे तोंडाने वर्णन करत. उंच, सावळे, चालताना डावा पाय जरा ओढतात. ऐकणारा म्हणे, असे तर पुष्कळ आहेत. मग गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं. माझं लग्न झालं, लॅब बंद पडली, पण रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "वैशाली, एक सांगू? तुला वाईट वाटेल."

"सांगा ना."

"अण्णा आठवायला जाते, तर तू केलेला म्हातारा डोळ्यांसमोर येतो. दाढीवाला, गाल बसलेला. खरा अण्णा कसा होता ते जातच चाललंय." त्यांनी मेथीची काडी मोडली. "पन्नास वर्षं पाहिलेला चेहरा. आणि राहिलं काय, तर आपण दोघींनी बनवलेलं."

मी उरलेली मेथी निवडत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना साधा ताप आला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात चार दिवस होत्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, पण अण्णांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी विचारलंही नाही. घर मिलिंदने विकायला सांगितलं. अनोळखी माणसांची ती वही मी ठेवून घेतली. तिच्यातल्या जागा आणि तारखांपुढे आता कुणाचे चेहरे नव्हते.

त्या गेल्यावर दोन वर्षांनी मला मध्य प्रदेशातल्या एका निराधार आश्रमातून फोन आला. आपल्यानंतर कळवायचं माणूस म्हणून सुमनताईंनी तिथे माझा नंबर देऊन ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. व्यवस्थापक सांगत होते, एक म्हातारा आणून सोडलाय, काहीही विचारलं तरी बडोदा एवढंच म्हणतो. "आप फोटो भेज दीजिए मॅडम, हम मिला लेंगे."

माझ्याकडे पाठवायला फोटो नव्हता. मी नवऱ्याला घेऊन गेले.

आश्रमाच्या ओसरीवर तो माणूस वाटाणे सोलत बसला होता. उंच, सावळा. पांढरी दाढी, गाल आत गेलेले. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले. "अण्णा, सुमनताईंनी पाठवलंय मला," असं मराठीत म्हटलं. त्याने वर पाहिलं. "बडोदा," तो म्हणाला आणि पुन्हा शेंग उचलली. त्याला चालवून पाहिलं, तर दोन्ही पाय ओढत होता. तिथले निम्मे म्हातारे तसेच चालत होते.

चेहरा मला ओळखीचा वाटत होता. तसा चेहरा मी किती दुपारी स्वतःच्या हाताने केला होता. हे अण्णा होते म्हणून तसे दिसत होते, की उपाशी राहिलेला कुठलाही म्हातारा तसाच दिसतो, हे मला सांगता येईना. खऱ्या अण्णांना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आता मोबाइलवर चांगले फोटो निघत होते. मी समोरून, बाजूने त्याचे फोटो काढले आणि कॅनडाला मिलिंदला पाठवले. रात्री धर्मशाळेत राहिलो. सकाळी त्याचं उत्तर आलं. सांगता येत नाही, मी काकांना चार-पाच वेळाच भेटलोय, तुला काय वाटतं?

व्यवस्थापक फॉर्म समोर घेऊन बसले होते. ओळख पटली तर पुढचे कागद बडोद्याला जाणार होते. नाही तर माणूस इथेच, नावाच्या जागी नंबर लावून.

"मॅडम, क्या लिखूँ?"

सुमनताई असत्या तर त्यांनाही वेळ लागला असता. पण त्यांनी सांगितलं असतं, हो की नाही. माझ्या ओळखीचा होता तो फक्त मीच केलेला चेहरा. मी ओळख पटली नाही असं लिहायला सांगितलं.