नवी टूरर, मामांचे हात आणि परतवाड्याचा उतार

नवी गाडी घेतल्यापासून तिच्याबद्दल मला जितकी मतं ऐकावी लागली, तितकी लग्नाच्या वेळी नवऱ्याबद्दलही ऐकावी लागली नव्हती. गाडी म्हणजे मध्यम इंजिनची स्पोर्ट टूरर, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, कंपनीने नव्याने घडवलेली. इंजिन जुनंच, पण हँडल वर आणि मागे आलंय, पाय ठेवायच्या जागा खाली गेल्यात, काच उंच झालीय, सीट रुंद झालीय. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याजवळ रविवारी सकाळी चहाला जमणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून उभे दोन तट पडलेत. माझा धाकटा भाऊ कैलास विरोधी पक्षात. निंबोल्याला त्याची केळीची बाग आहे आणि त्याच्याकडे याच गाडीचं जुनं मॉडेल आहे. तो म्हणतो, "ताई, कंपनीने शेर की बिल्ली करून टाकली."

कैलासची ती जुनी गाडी मुळात आमच्या दिगंबरमामांची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी ती हौसेने घेतली आणि मामीला मागे बसवून खूप फिरले. मग मनगटाची नस दबायला लागली. बोटं बधिर व्हायची, ग्लास हातातून सुटायचा. उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं सांगितलं नव्हतं, हातांवर भार नको एवढंच सांगितलं होतं. पण जुन्या मॉडेलचं हँडल इतकं खाली की सगळा भार हातांवरच यायचा. मामांनी गाडी भाच्याला दिली आणि त्यानंतर ते फारसे घराबाहेरच पडेनात.

म्हणून माझी नवी गाडी त्यांच्या दारात उभी केली, तेव्हा माझा हेतू साफ होता. मामा नुसते सीटवर बसले, हँडलवर हात ठेवले आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. चिखलदऱ्याला जाऊन यायचं आमचं तिथेच ठरलं. हात टिकले तर मामा गाडी बुक करतील, नाही टिकले तर हा विषय कायमचा बंद, असं ते स्वतःच म्हणाले. मामीने आपण मागे बसणार हे परस्पर जाहीर केलं. त्यांना त्रास झाला तर ते सांगणार नाहीत, पण मला मागून कळेल, असं तिचं म्हणणं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी निघालो. मधला वार मुद्दाम निवडला, कारण शनिवार-रविवारी चिखलदऱ्यात खोलीचे भाव दुप्पट होतात. मामा-मामी माझ्या नव्या गाडीवर, कैलास जुनीवर, आणि मी नवऱ्याची ऑफिसला जायची दीडशे सीसीची गाडी घेऊन सगळ्यात मागे. खकनारपर्यंत केळीच्या ट्रॅक्टरांमागून जावं लागलं. पुढे देडतलाईपर्यंत रस्ता मोकळा आणि बराचसा चांगला आहे, मात्र गावागावांतले गतिरोधक अचानक येतात. पेट्रोल धारणीत भरा, पुढे जंगलात पंपाचा भरवसा नाही. धारणीतच एका खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर ठेचा असं दणकून जेवलो.

जेवताना मामा बोटं उघडझाप करत होते. आम्ही तिघं त्यांच्या हाताकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. बोटं ठीक होती. पाठ सरळ राहते, मान उचलून धरावी लागत नाही, आणि काचेमुळे छातीवर वारा बसत नाही, असा त्यांचा अहवाल. इंजिनची गरम हवा उजव्या पिंडरीवर येते ही तक्रार त्यांनीही केली, ती माझीही आहे.

हरिसालच्या पुढे मेळघाटचं खरं जंगल सुरू होतं. अंधार पडायच्या आत हा पट्टा ओलांडा, आणि गाडी सावकाश चालवा. सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर डावीकडच्या बांबूतून भला थोरला गवा रस्त्यावर आला. मामा सगळ्यात पुढे होते. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी जराही आडवी न होता सरळ रेषेत थांबली. गव्याने मान वळवून बघितलं आणि तो निवांत पलीकडे उतरला. सेमाडोहला रबडी खाताना कैलासने पहिल्यांदा कबूल केलं की जुन्या गाडीवर मागचं चाक थोडं तरी सरकलं असतं.

चिखलदऱ्यात थंडी कडक होती. दोन खोल्या प्रत्येकी पंधराशेला मिळाल्या, गरम पाणी बादलीने. संध्याकाळी दरीच्या काठावर कॉफी पिताना मामा इतके बोलत होते की मामी मला हळूच म्हणाली, वर्षभराचं साठलेलं दिसतंय. मला वाटलं, परीक्षा संपली, आपण पास.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. परतताना आम्ही परतवाड्याच्या बाजूने उतरायचं ठरवलं होतं. घाट सुंदर आहे, पण उतार लांब आणि वळणं एकामागून एक. निम्म्याच्या आसपास मामांनी गाडी कडेला घेतली. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले आणि उजवा हात झटकायला लागले. मी त्यांच्या शेजारी थांबले.

"वर्षा, तू घे आता," ते म्हणाले. "बोटं गेली."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि ते कठड्यावर जाऊन बसले. कैलास त्यांच्याकडे पाण्याची बाटली घेऊन गेला. मलाच वाईट वाटत होतं. आशा मी दाखवली होती.

मामी गाडीपाशीच उभी होती. तिने मागच्या सीटवर तळहात दाबून बघितला, मग मला हाक मारली. सीट पुढे उतरती होती. मी चार महिने एकटीच चालवत असल्यामुळे मला ते कधी जाणवलंच नव्हतं. मामी म्हणाली की चढताना काही वाटलं नाही, पण उतरायला लागल्यापासून प्रत्येक ब्रेकला ती घसरून मामांच्या पाठीवर जात होती. ती स्वतःला मागे ओढायची आणि पुढच्या ब्रेकला पुन्हा घसरायची.

मग ती कठड्यापाशी गेली. "अहो, तुमच्या हातांवर तुमचा नाही, माझा भार येतोय. उठा. एकटे चालवून बघा."

मामांनी आधी ऐकलं नाही. पुरे झालं म्हणाले. मामी त्यांच्याशेजारी बसली आणि बोटांत जीव येईपर्यंत त्यांचा हात चोळत राहिली. त्यानंतर तिने माझ्याकडची किल्ली मामांच्या हातात ठेवली आणि मी दीडशे सीसीवर बसताच न विचारता माझ्या मागे, तिच्या सपाट सीटवर येऊन बसली. मामांकडे आता नव्या गाडीशिवाय दुसरी गाडीच उरली नव्हती.

उरलेला घाट मामा एकटे उतरले. मी मागून त्यांचे खांदे बघत होते, सैल होते. परतवाड्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी कप उजव्या हातात धरला, आणि मामीकडे बघून तो थोडा वर केला. पुढे अकोट, जळगाव जामोद करत घाटातून बुऱ्हाणपूर गाठेपर्यंत त्यांनी गाडी कोणाला दिली नाही. सपाटीवर कैलासने थोडा वेळ मागितली होती, त्यालाही नाही. नंतर घरी आल्यावर कैलासने ती चालवली आणि आपलं मत दिलं. वरच्या वेगाला जुनीचीच मजा आहे, नवी जरा सभ्य झालीय. त्याचं चूक नाही. तो तिशीतला आहे आणि एकटा फिरतो.

माझं मत विचाराल तर माझ्यासारख्या बुटक्या माणसाला सीट उंच पडते, आरसे थरथरतात, पण दिवसभर चालवून घरी आल्यावर स्वयंपाक करायची ताकद उरते. मी पुन्हा घेईन.

मामांनी गेल्या महिन्यात बुक केली. शोरूममध्ये विक्रेता मामांना रंग, मायलेज, स्क्रीन समजावत होता. मामीने गाडी स्टँडवर घट्ट उभी करायला लावली आणि मागे चढून बसली. उतरल्यावर तिने त्याला सांगितलं की ही सीट सपाट करून मिळणार असेल तरच गाडी घेऊ. आजवर अशी तक्रार कोणाकडून आली नाही, असं तो म्हणाला.

"मागे बसणाऱ्यांना विचारलं होतं का?" मामीने विचारलं.

सीट शेवटी बाहेरच्या कारागिराकडून करून घेतली. मागे उतार राहिला नाही, पुढे थोडा उंचवटा आला. परवा सकाळी मी सहज फोन केला तर मामीने उचलला. दोघं इच्छापूरला देवीचं दर्शन घेऊन बाहेर पडले होते. तिथूनच परत फिरून आमच्याकडे जेवायला यायचं ठरलं होतं, पण तिने मामांचे हात बघितले, चांगले उबदार होते. म्हणून आता मुक्ताईनगरला निघालोय, म्हणाली. आणि जेवायला वाट बघू नका.